टोकियोत काडीवरचं खाणं कुठे, कधी आणि कसं गाठायचं

टोकियोत पोचलेला खवय्या सगळ्यात आधी गाडी शोधायला लागतो. चौकात ठेला, ठेल्यावर कोळसा, भोवती उभी गर्दी. दोन तास पायपीट केली तरी असं काही दिसत नाही, कारण ते नाहीच. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरभर पसरलेल्या रस्त्यावरच्या टपऱ्या हटवण्याचा आदेश १९४९ मध्ये निघाला आणि १९५१ पर्यंत बहुतेक उठल्या. तेव्हापासून इथलं रस्त्यावरचं खाणं छपराखाली गेलं आहे: रेल्वेच्या कमानींखाली, हातभर रुंदीच्या बोळांत, बाजारगल्लीतल्या खाटकाच्या काउंटरवर. उघड्यावरचे ठेले, म्हणजे याताई, आता जत्रा-उत्सवांपुरते उरले. रोज संध्याकाळी याताई पाहायचेच असतील तर फुकुओका गाठावं लागतं.

म्हणून इथे खाणं शोधायचं ते घड्याळ पाहून. हातात धरून खायचा खाऊ दिवसाचा असतो आणि निखाऱ्यावरच्या काड्या संध्याकाळच्या. दुपारी तीनला याकितोरीच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या कोंबडीच्या, बोळात शिरलात तर बहुतेक दारं बंद दिसतील, आणि रात्री आठला बाजारगल्लीत गेलात तर खाली ओढलेली शटरं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

दिवसाचा खाऊ: बाजारगल्ल्या

स्टेशनजवळच्या जुन्या बाजारगल्लीला शोतेनगाइ म्हणतात. भाजीवाला, चहापत्तीवाला, खाटीक, तोफूवाला यांची रांग असते आणि त्यातल्या निम्म्या दुकानांच्या पुढ्यात काहीतरी तळलं किंवा भाजलं जात असतं. जायची वेळ दुपारी दोन ते पाच. सकाळी तेल तापलेलं नसतं आणि सहानंतर आवराआवर सुरू होते. आठवड्याची सुट्टी प्रत्येक दुकानाची वेगळी असते, त्यामुळे निघण्याआधी नकाशावर ज्या दुकानासाठी जायचं त्याचा वार तपासा, नुसता गल्लीचा नको.

यानाका गिन्झा सगळ्यात सोपी. निप्पोरी स्टेशनच्या पश्चिम दाराने बाहेर पडून पाचेक मिनिटं चालायचं आणि युयाके दानदान नावाच्या पायऱ्या उतरायच्या. गल्ली लहान आहे, पण मेंची-कात्सु, म्हणजे खिम्याचं तळलेलं कटलेट, इथे चांगलं मिळतं. तोगोशी गिन्झा याच्या उलट, साधारण १.३ किलोमीटर लांब. तिथल्या बऱ्याच दुकानांनी कोरोक्केची (बटाट्याच्या तळलेल्या कटलेटची) आपापली तऱ्हा काढली आहे, म्हणून एकाच दुकानात पोट भरू नका. सुगामोची गल्ली वडीलधाऱ्यांची; खारट-गोड शिओ-दाइफुकु, ही तांदळाची सारणभरली मिठाई, तिची ओळख. महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला तिथे जत्रा भरते आणि खरेखुरे ठेले लागतात. तुमच्या मुक्कामात यातली एखादी तारीख येत असेल तर बाकीचा बेत तिच्याभोवती आखा.

त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला, पण बाहेरचा किरकोळ बाजार जागेवरच आहे. काडीवर खोचलेलं गोडसर अंड्याचं तामागोयाकी आणि भाजलेले शिंपले तिथे सकाळी नऊच्या सुमारास खावेत. दुपारी दोनपर्यंत बाजार ओसरतो. रविवारी, सार्वजनिक सुट्टीला आणि काही बुधवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

आसाकुसातली नाकामिसे गल्ली सगळे दाखवतात. तिथे निंग्योयाकी (साच्यात भाजलेले सारणभरले छोटे केक), तळलेले आगेमांजू (गोड सारणाचे बन) आणि छोट्या काड्यांवरचे किबिदांगो (पिठाचे मऊ गोळे) खा आणि पुढे सरका. बाकी बरंचसं आठवणवस्तूंचं दुकान आहे.

आता खरेदीची पद्धत. तळणाच्या दुकानात पुढ्यात थाळ्या मांडलेल्या असतात. थाळीतला गार तुकडा उचलण्याऐवजी कढईकडे बघा. काही तळलं जात असेल तर त्याकडे बोट दाखवून दोन मिनिटं थांबा. कोरोक्के साधारण १०० ते १५० येन, मेंची-कात्सु २०० ते ३०० येन. मेंचीचा पहिला घास कोपऱ्यातून लहान घ्या, कारण आतला रस उकळता असतो आणि थेट शर्टावर येतो.

खाताना चालू नका. यावर देशभर बंदी वगैरे नाही, पण गर्दीच्या गल्ल्यांत तशा विनंतीच्या पाट्या दिसतात. शेजारच्या कामाकुरा शहराने तर २०१९ मध्ये गर्दीत चालता चालता खाण्याला उपद्रवात मोजणारा नियमच केला. दुकानासमोर बाजूला उभं राहायचं, खायचं आणि काडी-कागद त्याच दुकानाच्या डब्यात टाकायचा. दुसऱ्या दुकानाचा कचरा मात्र कुणी घेत नाही आणि रस्त्यावर कचराकुंड्या जवळपास नसतात. एक रिकामी पिशवी खिशात असू द्या.

ताकोयाकी आणि तायाकी पारखताना

ताकोयाकी, म्हणजे आत ऑक्टोपसचा तुकडा असलेले पिठाचे गोळे, मूळचं ओसाकाचं. १९३५ च्या सुमारास आइझुया या दुकानाने ऑक्टोपस घालून ते सुरू केलं असं मानतात. ओसाकाचं ताकोयाकी मऊ, आत जवळजवळ ओघळतं. टोकियोत सगळीकडे दिसणारी गिंदाको ही साखळी शेवटी वरून तेल सोडून कवच कुरकुरीत करते. दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण कुरकुरीत खाऊन ‘ओसाकाचं खाल्लं’ म्हणू नये.

घेताना साचा बघा. गोळे साच्यात फिरवले जात असतील तर थांबा. डब्यांत भरून दिव्याखाली रचलेले असतील तर सोडा, कारण वाफेने कवच लिबलिबीत होतं आणि ऑक्टोपस चिवट लागतो. आठ नगांना साधारण ५५० ते ७५० येन. हातात आल्यावर काडीने प्रत्येक गोळ्याला वरून भोक पाडा, वाफ जाऊ द्या आणि दोन-तीन मिनिटं थांबा. बाहेरून कोमट लागणारा गोळा आतून टाळू सोलतो, आणि पहिल्याच दिवशी तोंड भाजलं की पुढचे तीन दिवस कशालाच चव राहत नाही.

तायाकी म्हणजे माशाच्या आकाराचं, अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण भरलेलं. याचे साचे दोन प्रकारचे. लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यात एकेक मासा भाजतात त्याला गमतीने ‘समुद्रातला’ आणि एका पत्र्यावर अनेक भाजतात त्याला ‘तळ्यात पाळलेला’ म्हणतात. पहिल्याचं कवच पातळ आणि खमंग निघतं, कारण प्रत्येक साचा थेट जाळावर फिरतो. आझाबु-जुबानमधलं नानिवाया, निंग्योचोमधलं यानागिया आणि योत्सुयातलं वाकाबा ही त्यासाठी नावाजलेली तीन जुनी दुकानं. रांग असते, पण सरकते. शेपटीपासून खायचं की डोक्यापासून, हा वाद जपानी लोकांनाच लखलाभ; सारण मात्र डोक्याकडे जास्त असतं.

संध्याकाळ: याकितोरी कुठे शोधायची

पाच वाजले की लाल कागदी कंदील लागतात. आकाचोचिन म्हणतात त्याला, आणि दारू-खाण्याच्या साध्या दुकानाची ती खूण. दारावर कापडी पडदा, म्हणजे नोरेन, बाहेर लटकत असेल तर दुकान चालू. पडदा आत घेतला असेल तर बंद किंवा तयारी सुरू. चित्रलिपीतलं एक अक्षर ओळखता आलं तरी पुष्कळ झालं. ‘कुशी’ म्हणजे काडी, आणि तिचं अक्षर हुबेहूब तसंच आहे: दोन चौकोन, एकाखाली एक, आणि मधून आरपार गेलेली उभी रेघ. पाटीवर ते दिसलं की आत काडीवरचं काहीतरी आहेच, भाजलेलं किंवा तळलेलं.

जागांचा स्वभाव वेगवेगळा आहे, तो आधी कळलेला बरा.

शिंजुकूच्या पश्चिम बाजूला रुळांना लागून असलेलं ओमोइदे योकोचो हे युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उगवलेलं. दुकान म्हणजे आठ-दहा खुर्च्या, धूर आणि खांद्याला खांदा. पाहण्यासारखं नक्की, पण पर्यटक फार, त्यामुळे संध्याकाळी सातला जागा मिळणं कठीण. पाचला जा किंवा नऊनंतर. युराकुचो ते शिंबाशी पट्ट्यात विटांच्या जुन्या रेल्वेकमानींखाली दुकानं आहेत. डोक्यावरून गाडी गेली की ग्लास थरथरतो. इथली गर्दी कचेऱ्यांतली, म्हणून शुक्रवारी तुडुंब आणि रविवारी बरीच दुकानं बंद. रविवार असेल तर आसाकुसातली होप्पी गल्ली किंवा उएनोचं आमेयोको बरं, तिथे दिवसाही निखारे चालू असतात. किचिजोजीत इनोकाशिरा बागेजवळ १९२८ पासूनचं इसेया आहे. दुपारपासून उघडं, स्वस्त, आणि धुराने दुरूनच सापडणारं. पार्सलच्या खिडकीवरून दोन काड्या घेऊन बागेत जाता येतं. आकाबाने हा आणखी एक पर्याय, दिवसाढवळ्या पिणाऱ्यांचा.

एखादं नाव नक्की करायचं असेल तर ताबेलोग या जपानी संकेतस्थळावर बघा, पण त्याचे गुण आपल्या सवयीने वाचू नका. तिथले लोक हात आखडून गुण देतात. पाचपैकी ३.२ हे रोजचं चांगलं दुकान, आणि ३.५ च्या वर गेलं की आरक्षणाची गोष्ट सुरू होते. नकाशाच्या ॲपवर ४.६ असलेलं आणि सगळे अभिप्राय परदेशी पाहुण्यांचे असलेलं दुकान बहुधा जेमतेम आणि महाग निघतं. फोनच्या भाषांतर ॲपमध्ये ‘याकितोरी’ बोलून जपानी अक्षरं मिळवा आणि तीच नकाशात चिकटवा. रोमन लिपीतल्या शोधापेक्षा निकाल खूपच वेगळे येतात.

दारात उभा राहून हाक मारणारा, हात धरणारा, ‘अमर्याद पेय’ असा फलक नाचवणारा माणूस दिसला की सरळ पुढे जा. विशेषतः काबुकिचो भागात. बिलात जागेचे, सेवेचे, आठवड्याच्या शेवटाचे आकार असे काही जोडले जातात की कोंबडी सोन्याची वाटावी. चांगल्या दुकानाला धूर पुरतो, माणूस लागत नाही.

आत शिरल्यावर

पडदा बाजूला करून बोटांनी माणसं दाखवा. तिघांपेक्षा जास्त असाल तर लहान दुकान विसरा. मोठी बॅग असेल तर स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून या. काउंटरची जागा मिळाली तर तीच घ्या, भाजणारा समोर दिसतो. बसल्यावर आधी पेय सांगायचं असतं, दारूच हवी असं नाही. ऊलोंग चहा चालतो. होप्पी मागवलीत तर एक युक्ती: ही जवळजवळ बिनदारूची बिअरसारखी बाटली शोचू या जपानी दारूत मिसळून पितात. बाटलीला ‘सोतो’ आणि ग्लासातल्या शोचूला ‘नाका’ म्हणतात. ग्लास संपला आणि बाटली उरली असेल तर नुसतं ‘नाका’ म्हणा, पूर्ण संचाचे पैसे पडत नाहीत.

न मागता एक छोटी वाटी समोर येईल. ती ओतोशी: थोडी कोशिंबीर किंवा शिजवलेलं काहीतरी, आणि तिचे माणशी ३०० ते ५०० येन बिलात येतात. ही फसवणूक नाही, जागेचं भाडं समजा. परत पाठवायचा प्रयत्न केला तर वातावरण बिघडतं, पैसे वाचतीलच असं नाही.

काही लहान दुकानांत सिगारेट चालते. एप्रिल २०२० पासून बहुतेक उपाहारगृहांत आत ओढायला बंदी आहे, पण छोट्या जुन्या दुकानांना सवलत मिळू शकते. दारावरचं चिन्ह पाहूनच आत शिरा: ओढायची परवानगी असलेल्या भागात वीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर परत फिरावं लागेल.

काय मागवायचं, कोणत्या क्रमाने

प्रत्येक काडीला एकच प्रश्न असतो: मीठ की सॉस. मीठ म्हणजे शिओ. सोया, मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू) आणि साखर आटवून केलेला दाट सॉस म्हणजे तारे. ढोबळ नियम असा की ज्या तुकड्याची स्वतःची चव नाजूक किंवा तुपकट, त्याला मीठ. ज्याला उग्र वास, त्याला तारे. मोमो म्हणजे मांडी, नेगिमा म्हणजे मांडी आणि कांद्याच्या पातीचे जाड तुकडे आलटून पालटून. दोन्ही मीठात छान. सासामी ही छातीखालची पट्टी, वर वासाबी. कावा ही कातडी, सावकाश भाजलेली हवी. घाईत भाजली तर रबर होते. सुनागिमो ही पोटातली पिशवी, करकरीत, मीठातच. नानकोत्सु कूर्चा. सेसेरी मानेचं मांस, बोनजिरी शेपटीचा गड्डा, दोन्ही चरबीदार आणि लवकर संपणारे, म्हणून दिसले तर आधी सांगा. रेबा म्हणजे काळीज (यकृत), तारेत. त्सुकुने हे खिम्याचे गोळे. कच्च्या बलकासोबत येतात तेव्हा बलक नको असेल तर आधीच सांगावं.

पंख, म्हणजे तेबासाकी, भाजायला पंधरा मिनिटं सहज लागतात. ती पहिल्याच फेरीत सांगा, नाहीतर बिल मागितल्यावर येतील. बाकी सगळं एकदम मागवू नका. दहा काड्या ताटात आल्या की पाचवीपर्यंत चरबी गोठते. माणशी दोन-तीन काड्यांची फेरी, ती संपत आली की पुढची, आणि क्रम मीठाकडून तारेकडे. एकाचं पोट सहा ते आठ काड्यांत भरतं. यादीत एका काडीची किंमत असूनही काही दुकानं कमीत कमी दोन घ्यायला लावतात. किमतीशेजारी दोनचा आकडा असेल तर तोच अर्थ.

मोजायचे शब्द पाठ करा, कारण काडीसारख्या लांब वस्तूंना वेगळे आकडे आहेत: इप्पोन, निहोन, सानबोन, योनहोन, गोहोन, रोप्पोन. ‘मोमो, शिओ दे, निहोन’ एवढ्यावर काम होतं. काहीच सुचत नसेल तर मोरिआवासे म्हणा, पाच-सहा काड्यांचं ठरलेलं ताट येतं. स्वस्त दुकानात काडी १५० ते २५० येन, नावाजलेल्या कोळशाच्या दुकानात ३०० ते ६०० येन.

हा कोळसा म्हणजे बहुधा बिंचोतान, मूळचा वाकायामाकडचा, उबामे ओकच्या लाकडाचा. धूर आणि ज्वाळा कमी, उष्णता जबर आणि एकसारखी. मग दुकानातला धूर कुठून येतो? टपकलेल्या चरबीतून, आणि तोच वास काडीला चढतो. गॅसवरही चांगली याकितोरी होते, पण कातडी आणि पंख कोळशावरच जमतात.

काडीवरून तुकडे सोडवून वाटून खाणं काही भाजणाऱ्यांना आवडत नाही: रस वाहून जातो आणि मेहनतीने ओवलेलं सगळं मोडतं. वाटायचंच असेल तर दोन काड्या घ्या. रिकामी काडी टेबलावरच्या उभ्या नळकांड्यात टाकायची. काही ठिकाणी तीच मोजून बिल होतं.

डुक्कर, गोमांस आणि शाकाहार

इथे बहुतेकांची फसगत होते. पाटीवर याकितोरी असली तरी जुन्या बोळांतली बरीच दुकानं प्रत्यक्षात याकितोन, म्हणजे डुकराच्या अवयवांची असतात. काशिरा म्हणजे डोक्याचं मांस, शिरो आतडी, तान जीभ, हारामी छाती-पोटामधला स्नायूचा पडदा, गात्सु जठर. ही नावं यादीत दिसली तर दुकान बहुधा डुकराचं. रेबा आणि नानकोत्सु हे शब्द दोन्हीकडे आहेत, पण प्राणी वेगळा. ‘तोरी देस का?’ म्हणजे कोंबडी आहे का, ‘बुता देस का?’ म्हणजे डुक्कर आहे का. मेंची-कात्सुत गोमांस आणि डुक्कर बहुतेकदा एकत्र असतं, निकुमान या वाफवलेल्या सारणभरल्या पावात डुक्कर, आणि ‘ग्यु’ने सुरू होणारं सगळं गाईचं. तळलेल्या कुशिकात्सुचं तेलही पुष्कळदा प्राण्यांच्या चरबीचं असतं, काडीवर भेंडी असली तरी.

शाकाहारी माणसाला याकितोरीच्या दुकानात शिइताके मशरूम, पीमान मिरची, शिशितो (बारीक हिरवी मिरची), गिन्नान (गिंको झाडाच्या बिया) आणि जाड तळलेला तोफू मिळतो, पण जाळी तीच आणि तारेच्या भांड्यात दिवसभर कोंबडीच्या काड्या बुडालेल्या. मीठच मागा. शतावरीची काडी बहुधा बेकनमध्ये गुंडाळलेली येते. ताकोयाकीत ऑक्टोपस काढून भागत नाही, पिठातच दाशी, म्हणजे माशाचं सार, असतं. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्याने संध्याकाळचा बेत सोडून दिवसाच्या गोडावर भर द्यावा: तायाकी, किबिदांगो, दाइफुकु, भाजलेलं रताळं.

कच्च्या कोंबडीबद्दल स्पष्टच सांगितलेलं बरं. तोरिसाशी किंवा बाहेरून जेमतेम शेकलेली सासामी काही दुकानं अभिमानाने देतात. कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूला कोंबडीचा ताजेपणा अडवत नाही, आणि त्रास दोन ते पाच दिवसांनी होतो, त्यामुळे दोष भलत्याच जेवणावर जातो. डुकराचं मांस कच्चं खाण्यासाठी विकायला तर जून २०१५ पासून बंदीच आहे. आत गुलाबी दिसलं तर ‘योकु याइते कुदासाइ’, म्हणजे नीट भाजून द्या, असं म्हणून काडी परत द्या, राग येत नाही.

पैसे

दोन तर्जन्यांची फुली करून दाखवली की बिल येतं. ‘ओकाइके’ म्हटलं तरी चालतं. टीप ठेवू नका, मागे धावत येऊन परत देतील. काड्या, दोन पेयं, ओतोशी धरून साध्या दुकानात माणशी २,५०० ते ४,००० येन. लहान दुकानांत अजूनही रोखच चालते, म्हणून हजार येनच्या नोटा जवळ हव्यात. दहा हजारची नोट कोरोक्केवाल्यापुढे काढू नका. ऑक्टोबर २०१९ पासून पार्सलवर ८ टक्के आणि बसून खाण्यावर १० टक्के कर आहे, तेव्हा ‘इथे की नेणार’ असं विचारतात ते याचसाठी.

पाऊस, थकवा किंवा जागा न मिळणं

तेव्हा मोठ्या स्टेशनवरच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात उतरा. देपाचिका म्हणतात. याकितोरीच्या काड्या सुट्या मिळतात, आणि बंद व्हायच्या तास-दीड तास आधीपासून डब्यांवर सवलतीचे चिकटे लागायला लागतात. अर्ध्या किमतीचा सगळ्यात शेवटी, पण तोवर सेसेरी आणि बोनजिरी गेलेली असते. तिथे बसून खायची सोय नसते. खोलीवर नेऊन मायक्रोवेव्हमध्ये गरम केली तर कातडी मऊ पडते. खोलीत छोटा टोस्टर असेल तर तारेच्या काड्या तीन मिनिटं आणि मीठाच्या चार, बांबूचं टोक फॉइलमध्ये गुंडाळून.